पेवाच्या तळाचा भाव

रेणुकादास मुनीम बोलण्यापूर्वी चष्मा उतरवीत. तो घडी घालून चोपडीवर ठेवीत, मिटलेले डोळे दोन बोटांनी दाबीत आणि मग एक दीर्घ निःश्वास सोडीत. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ही मुद्रा तीस वर्षे सर्वांच्या परिचयाची होती. चष्मा उतरला की भाव विचारायला आलेला माणूस हळूच पायरी उतरे. मी त्यांना पाहिले ते नांदेडला, पेढी सोडून ते गोदाकाठच्या घरी येऊन राहिल्यावर. शरीर वाळून काडी झाले होते, दात गेले होते. त्रागा मात्र जसाच्या तसा होता. वयाबरोबर क्रोध शमतो असे आपण ऐकत आलो. मुनिमांचा शमला नाही, आणि तो शमू नये असाच होता; कारण त्याच्या मुळाशी द्वेष नव्हता. लोकांनी साधी वजाबाकी नीट करावी, एवढीच एक जन्मभर अपुरी राहिलेली इच्छा होती.

"नफा म्हणजे काय, सांगा पाहू," ते भेटेल त्याला विचारीत. कोणी लाभ म्हणे, कोणी बरकत म्हणे.

"शब्द बदलू नका, अर्थ सांगा! विकून जो पैसा आला, त्यातून विकलेला माल जितक्याला पडला तो पैसा वजा करा. उरेल तो नफा. इतकंच. पण 'विकलेला माल जितक्याला पडला', या चार शब्दांनी माझे केस पांढरे केले."

त्या चार शब्दांची हकीकत त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. ती येथे क्रमाने मांडतो.

मुनिमांचा जन्म उमरीचा. चुलते आप्पासाहेब तिथल्या एका कापसाच्या पेढीवर लिहीत. सरकारदरबारी उर्दू, पेढीवर मोडी आणि घरी पूजेपुरते संस्कृत, अशा तीन लिप्यांत पुतण्याचा हात त्यांनीच बसवला. अक्षरापाठोपाठ त्यांनी जो पहिला दस्तूर शिकवला तो असा : जो माल आधी दारात आला, तो आधी दाराबाहेर गेला असे धरून लिहावे. यात एक नीती होती. माल म्हातारा होतो. शहाणा व्यापारी जुना आधी काढतो, नवा मागे ठेवतो. चोपडीने शहाण्या व्यापाऱ्याचे वर्तन गृहीत धरावे, असा आप्पासाहेबांचा आग्रह. पुतण्याने हा दस्तूर गायत्रीमंत्रासारखा धारण केला.

इतका की तो त्यांच्या स्वयंपाकघरातही शिरला. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई तुरीच्या डाळीचा डबा अर्धा झाला की वरून नवी डाळ ओतीत, जशी घरोघर ओततात तशी. मुनिमांना ते पाहवत नसे.

"अहो, जुनी खालीच राहिली! आधी डबा रिकामा करा, नवी खाली घाला, जुनी वर घाला!"

"मग डबा उलटाच टांगून ठेवते खुंटीला," चंद्रप्रभाबाई म्हणत. "बुडाला भोक पाडा, खालून काढत जाईन."

मुनीम चष्मा उतरवीत. चंद्रप्रभाबाई पायरी उतरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या डाळ निवडीत बसत.

वयाच्या बाविसाव्या वर्षी रेणुकादास लातूरला महादेवप्पांच्या पेढीवर लागले. महादेवप्पा आणि धाकटे बंधू मलप्पा यांची ज्वारीची भागीदारी, निम्मी-निम्मी. थोरले गादीवर बसत, धाकटे माल पाहत. मलप्पांचे नाक असे की मूठभर ज्वारी हुंगून ती कोणत्या शिवारची हे सांगत. दरसाल दिवाळीत हिशेब होई, मुनीम आकडे वाचीत, दोघे भाऊ सही करीत आणि पाडव्याला नव्या चोपडीची पूजा होई. वीस वर्षांत एका आकड्यावरून वाद झाला नाही. मुनीम म्हणत, "तेव्हा मला वाटायचं, हिशेब बरोबर आहे म्हणून वाद नाही. मूर्ख होतो. भाव चढत नव्हता म्हणून वाद नव्हता."

पुढे युद्ध आले आणि भाव चढला. फसली तेराशे एक्कावन्नच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे एक्केचाळीसच्या, दिवाळीला पेढीच्या शिलकेत शंभर पल्ले ज्वारी होती, पल्ल्याला दहा रुपये हाली, म्हणजे निजामी चलनातले, या दराने घेतलेली. पल्ला म्हणजे तीन मण. ही ज्वारी मलप्पांनी त्या दिवाळीआधीच्या उन्हाळ्यात स्वतः उभे राहून पेवात भरून घेतली होती. पेव म्हणजे पांढऱ्या मातीच्या टेकाडात खणलेले धान्याचे कोठार : वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, आत रांजणासारखे पोट. तळाला आणि भिंतींना कडबा लावायचा, धान्य ओतायचे, तोंडावर शिळा ठेवून माती लिंपायची. मलप्पांचे ते शेवटचे पेव. त्या दिवाळीनंतर महिन्याभरात ज्वराने ते गेले. मागे पत्नी पार्वतम्मा राहिल्या, मूलबाळ नव्हते, आणि निम्मी भागीदारी राहिली.

चैत्रात महादेवप्पांनी आणखी शंभर पल्ले ज्वारी उधारीवर घेतली. भाव आता सोळा झाला होता. पेव अर्धे रिकामे होते. तोंड उघडून नवी ज्वारी जुनीवर ओतली. आषाढापासून भाद्रपदापर्यंत शंभर पल्ले विकले गेले, विसाने. दोन हजार आले. त्यातून उधारीचे सोळाशे फेडले. गल्ल्यात चारशे रोकड उरली आणि पेवात शंभर पल्ले ज्वारी. हमाली, भाडे वगैरे खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा वेळच्या वेळी दिला होता. त्याचा प्रश्न नव्हता.

प्रश्न निराळाच होता. पार्वतम्मांना भागीदारीतून निघायचे होते. चाकूरला शेषेराव नावाचे एक गृहस्थ आपला करडीचा तेलघाणा, बैल आणि दोन खोल्यांसह विकत होते. किंमत नऊशे हाली, आणि रक्कम कार्तिकी पौर्णिमेपर्यंत हातात पाहिजे. पार्वतम्मा शेतकऱ्याच्या घरातल्या. जावेच्या चुलीपुढे उरलेला जन्म ओणवे बसून काढणे त्यांना नको होते. दिराकडे त्यांनी एवढेच मागितले : दिवाळीला जो हिशेब होईल त्यातला माझा निम्मा हिस्सा मोजून द्या, मी मोकळी होते. महादेवप्पा गंजातल्या चार लोकांसमोर 'हाव' म्हणून कबूल झाले होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी हिशेब वाचायला बसले. गादीवर महादेवप्पा, समोर चोपडी घेऊन मुनीम, माजघराच्या उंबऱ्याआड पदर सावरून पार्वतम्मा.

मुनिमांनी वाचले, "विक्री दोन हजार. विकलेले शंभर पल्ले मागल्या सालचे, दहाने पडलेले, एक हजार. नफा एक हजार. शिल्लक शंभर पल्ले यंदाचे, सोळाने, सोळाशे. रोकड चारशे. पेढीची एकूण मत्ता दोन हजार. निम्मे पार्वतम्मा अक्कांचे, एक हजार."

उंबऱ्याआड पदर किंचित सळसळला. घाण्याचे नऊशे आणि वर शंभर.

"मुनीमजी," महादेवप्पा म्हणाले, "जरा थांबा. पेव कुठून उघडतंय?"

"तोंडाकडून."

"तोंडापाशी कंची ज्वारी व्हती?"

"यंदाची."

"मग आपण ईकली कंची?"

मुनिमांचा हात चष्म्याकडे गेला.

"सोळाची ईकली, ईसानं," महादेवप्पा बोटांवर मोजीत म्हणाले. "पल्ल्यामागं चार. शंभराचे चारशे. ह्यो नफा. तळाला जुनी हाय, दहाची. ती हजार, रोकड चारशे. झाले चौदाशे. निम्मे सातशे. द्या लिहून पार्वतम्माला सातशे."

येथे क्षणभर थांबले पाहिजे. कारण महादेवप्पांचा हेतू वाकडा असला तरी त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मीमांसकांनी क्रमाचे अनेक प्रकार सांगितले आहेत. ग्रंथात ज्या ओळीने गोष्टी येतात तो पाठक्रम. कार्याच्या गरजेने ज्या ओळीने त्या घडतात तो अर्थक्रम. होम आधी सांगितला आणि त्यासाठी लापशी शिजवणे मागून सांगितले, तरी शिजवणे आधीच करावे लागते. न शिजलेल्या लापशीचा होम कसा व्हायचा? दोहोंत विरोध आला तर अर्थक्रम बलवान. मुनिमांची चोपडी पाठक्रमाने चालत होती, आणि पेव अर्थक्रमाने. डाळीच्या डब्यावरून रोज घरात भांडणारा हा मनुष्य पेढीवर शंभर पल्ल्यांचा एक डबा वीस वर्षे विसरून गेला होता. त्यांनी स्वतःच मला सांगितले, "त्या क्षणी मला महादेवप्पांचा राग आला नाही हो. माझाच आला. राग काढायला मात्र तेच समोर होते."

"अप्पा," मुनीम महादेवप्पांना म्हणाले, "मागल्या साली सही कोणी केली? त्याच्या मागल्या साली? तेव्हा पेवाला तोंड खाली होतं का?"

"तवा मलप्पा व्हता."

"म्हणजे?"

"म्हंजे तवा भाव चढला नव्हता," महादेवप्पांनी दुरुस्ती केली.

मुनिमांनी चोपडीखालून एक कागद काढला. नांदेडच्या वसंतराव नावाच्या व्यापाऱ्याकडून महादेवप्पांना उधारीवर हरभरा हवा होता. त्यासाठी पेढीची पत दाखवणारी चिठ्ठी त्यांनी त्याच सकाळी सांगितली होती. शाई अजून ओली होती.

"यात काय लिहायला सांगितलंत? 'आमचे पेवात सोळाशे रुपयांची ज्वारी शिल्लक आहे.' सोळाशे!"

"ती चिठ्ठी येगळी."

"ज्वारी तीच ना?"

"ज्वारी तीच. चिठ्ठी येगळी."

"अहो अप्पा, एका पेवातली एक ज्वारी! नांदेडला निघाली की सोळाची, माजघराकडे वळली की दहाची? वाटेत काय पाणी पिते का ती?"

"मुनीमजी, तुम्ही लई बोलून राहिलात."

तेव्हा उंबऱ्याआडून पार्वतम्मा म्हणाल्या, "भावजी, सातशेत घाणा येत न्हाई."

"मी काय करू? पेवाला ईचार. उलट मी जास्तच धरून राहिलो. तळाची ज्वारी, दोन सालं झाली भरून. सडली बी असंल. खरं म्हनलं तर आठच धराया पाहिजे."

आता मात्र मुनिमांच्या सोसण्याची सीमा झाली. चष्मा चोपडीवर ठेवण्याऐवजी त्यांनी तो गादीवर आपटला.

"धरा! आठ धरा! चार धरा, फुकट धरा! आणि इतकी कवडीमोल झाली असेल तर टाका त्याच भावाने अक्कांच्या पदरात आणि व्हा मोकळे! गंजात वीस चालू आहे, त्या बिचाऱ्या विकतील आणि पोट भरतील!"

ते बोलले ते केवळ संतापाने. त्यात युक्ती नव्हती. हे त्यांनी मला अनेकदा शपथेवर सांगितले. परंतु उंबऱ्याआड कोणीतरी ते वाक्य अलगद उचलून घेतले.

"मुनीमकाका," पार्वतम्मांनी विचारले, "आठानं धरली तर माझा हिस्सा किती?"

"आठशेची ज्वारी, चारशे रोकड. बाराशे. निम्मे सहाशे."

"अन् ते सहाशे मी रोकड न्हाई घेतले, ज्वारीच घेतली, आठानं?"

मुनिमांनी मनात भागाकार केला. "पंचाहत्तर पल्ले."

"अन् दहानं धरली तर?"

"सातशेचे सत्तर पल्ले."

"अन् सोळानं?"

"साडेबासष्ट."

"भावजी," पार्वतम्मा शांतपणे म्हणाल्या, "आठच बरोबर हाय. पंचाहत्तर पल्ले द्या मला. रोकड राहू द्या तुमच्याकडं, सणाचा खर्च असंल."

महादेवप्पांची बोटे मोजायची थांबली. भाव जितका खाली उतरवावा तितके पल्ले वर चढत होते. पंचाहत्तर पल्ले विसाने म्हणजे दीड हजार.

"असं कुठं असतंय का? हिशेबाचा भाव येगळा, द्यायचा भाव येगळा!"

"का वेगळा?" मुनिमांना आता कंठ फुटला होता. "नफा लपवता येतो अप्पा, नाहीसा करता येत नाही. हजाराच्या नफ्यातले सहाशे काढलेत ना? ते गेले कुठे? पेवात जाऊन बसले, तळाशी. दहा लिहिलं म्हणून ज्वारी दहाची होत नाही, सहा रुपये अंगावर घेऊन ती अंधारात बसून राहते. आज नाही तर उद्या जो ती विकेल त्याला ते सहाशे मिळतील. तुम्हाला वाटलं, विकणारे तुम्हीच. अक्का म्हणतात, मी विकते. भाव तुम्हीच सांगितलात. मी फक्त लेखणी धरून बसलो आहे. सांगा, आठ लिहू?"

बाहेर हमाल झेंडूची तोरणे बांधत होते.

"सोळा लिहा," महादेवप्पा म्हणाले.

"म्हणजे नफा हजार."

"हाव, हजार! अन् ज्वारी समदी माझी. एक दाना न्हाई द्यायचा. तिला रोकड मोजा."

गल्ल्यातले चारशे आणि महादेवप्पांच्या घरच्या पेटीतले सहाशे, असे हजार रुपये हाली पाडव्याला पार्वतम्मांच्या पुढ्यात मोजले गेले. त्यांनी फारखतीवर, म्हणजे हिस्सा पोचल्याच्या कागदावर, अंगठा उठवला, चोपडीला नमस्कार केला आणि पौर्णिमेच्या आत चाकूरला घाणा घेतला.

गोष्ट येथे संपती तर मुनीम सुखी झाले असते. मार्गशीर्षात भाव चोवीस झाला आणि महादेवप्पांनी पेव रिकामे करायला काढले. वरची ज्वारी मोत्यासारखी निघाली. खाली जाता जाता हमाल नाकाला फडके लावू लागले. तळाचा कडबा भिजून काळा पडला होता आणि त्याला लागून असलेली अठरा पल्ले ज्वारी गोळे होऊन सडली होती. गुरांपुढेही टाकण्याजोगी नव्हती.

महादेवप्पा धावत पेढीवर आले. त्यांच्या मुखावर दुःख आणि आनंद यांचे असे मिश्रण मुनिमांनी पुन्हा कधी पाहिले नाही.

"मी म्हनलं नव्हतं? सडली असंल म्हनलं नव्हतं? लिहा! अठरा पल्ले सोळानं, दोनशे अठ्ठ्याऐंशी. निम्मा तोटा तिचा, एकशे चव्वेचाळीस. जा चाकूरला, वसूल करून आणा."

मुनिमांनी चष्मा उतरवला आणि तसाच पुन्हा चढवला. पहिली चूक पोटात होतीच. आता तिच्या तळाशी दुसरी निघाली होती. जी ज्वारी कोणी डोळ्यांनी पाहिली नाही, नाकाने हुंगली नाही, तिच्यापुढे त्यांनी सोळाचा आकडा लिहिला होता. पाठक्रमाने शिल्लक राहिलेली ताजी. पेवात शिल्लक राहिलेली दोन वर्षांची शिळी. मलप्पा असते तर त्यांच्या नाकाने चोपडीची ही उणीव भरून काढली असती. वीस वर्षे ती तशीच भरली जात होती, आणि मुनिमांना वाटत होते की आपला दस्तूर निर्दोष आहे.

घरी चंद्रप्रभाबाईंना कळले. त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्या डब्यातले किडे मोजता. पेवात कोण डोकावणार होतं?"

दुसऱ्या दिवशी मुनीम मोटारीने चाकूरला गेले. पैसे मागायला जातो आहोत की क्षमा मागायला, हे त्यांना उतरेपर्यंत ठरवता आले नाही. घाण्याला बैल फिरत होता, करडीचा उग्र वास सुटला होता. पार्वतम्मांनी त्यांना पाट दिला, गुळाचा खडा आणि पाणी दिले. मुनिमांनी खाली मान घालून सगळे सांगितले : तळ सडला होता, सोळा लिहायला नको होते, चूक माझी.

"ठाऊक व्हतं मला," पार्वतम्मा म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"तळानं ओल धरली म्हनून. भाद्रपदात शेवटची पोती निघाली न्हाई का? त्यांच्या बुडाला कुबट वास व्हता. श्रावणात पेवाच्या अंगानं पावसाच्या पाण्यानं चर पाडला व्हता. मी शेतकऱ्याची लेक हाय काका. अन् पंधरा सालं त्यांच्या संगं काढली. पेवाचा वास मला कळतो."

"आणि तरी पंचाहत्तर पल्ले मागितलेत?"

"मागितले. भावजी देनार न्हाईत, हे बी ठाऊक व्हतं."

"आणि दिले असते तर?"

"तर जीव टांगणीला लागला असता. किती सडली ते मला कुठं दिसत व्हतं?" त्या हसल्या. "पर भावजीला एक दाना सुटत न्हाई हातातून."

"अहो पण हे तेव्हा बोलायचं नाही का?"

"भावजी बोलले की! सडली असंल, आठच धरा, म्हनले. तुम्ही बी ऐकलं, मी बी ऐकलं. त्यांचं त्यांनाच खरं वाटलं न्हाई, त्याला मी काय करू?"

मुनिमांनी डोळे दाबले. सबंध पेढीत त्या दिवशी एकच सत्य वाक्य उच्चारले गेले होते. ते महादेवप्पांनी खोटे म्हणून उच्चारले, आणि म्हणून कोणीच ते चोपडीत घेतले नाही.

"एकशे चव्वेचाळीस मागितलेत त्यांनी," ते अखेर म्हणाले.

"काका, भाव आता किती?"

"चोवीस."

"मग जी चांगली निघाली तिच्यात काय उरलं, तेवढं मांडून बघा. अन् मग मला सांगा, कुनी कुनाला द्यायचं."

परतीच्या मोटारीत मुनिमांनी ते मांडले, आणि मांडता मांडता त्यांचा चेहरा उजळला. पेढीवर पाऊल टाकताच महादेवप्पांनी विचारले, "आणले?"

"अप्पा, पाडव्याला सगळी ज्वारी सोळाशेला कोणी घेतली?"

"मी."

"अठरा सडली. ब्याऐंशी चोवीसाने गेली. आले एकोणीसशे अडुसष्ट. त्यातून सोळाशे वजा, नफा तीनशे अडुसष्ट. यातले निम्मे अक्कांना पाठवू?"

"तिला कशाला? ती तर निघाली की पाडव्याला!"

"मग तोटा तरी कशाला पाठवू?" मुनीम ओरडले. "पाडव्याला रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचं दोघांचं, पलीकडचं तुमचं. नफा पलीकडे राहिला तर तोटा उडी मारून अलीकडे येतो, अशी रेघ कोणत्या चोपडीत पाहिलीत?"

महादेवप्पा पुटपुटत आत गेले. एकशे चव्वेचाळीस रुपयांची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पण ते कधी पटले असे मात्र नाही. मरेपर्यंत ते म्हणत की पार्वतम्माने आपल्याला फसवले आणि मुनीम तिला सामील होता.

या प्रकरणानंतर मुनिमांनी आपला दस्तूर सोडला नाही. आधी आला तो आधी गेला असेच ते लिहीत राहिले; दरसाल सोयीप्रमाणे क्रम बदलणाऱ्या हिशेबापेक्षा दरसाल एकाच रीतीने चालणारा हिशेब बरा, हे त्यांना पक्के कळले होते. परंतु त्यांनी त्याला एक शेपूट जोडले. शिलकेच्या मालाची किंमत तो जितक्याला पडला त्याहून अधिक धरायची नाही. आणि माल प्रत्यक्ष पाहून, त्याला बाजारात तेवढे येणार नाहीत असे दिसले, तर जे येतील तेवढेच धरायचे. 'प्रत्यक्ष पाहून' या शब्दांवर ते बोट आपटीत. प्रमाणांमध्ये प्रत्यक्ष प्रथम सांगितले आहे ते उगाच नव्हे.

तेव्हापासून दरसाल दिवाळीच्या आधी गंजातल्या लोकांना एक करमणूक मिळू लागली. सकाळी पेवाची शिळा काढून ठेवीत. आतली कोंडलेली हवा निघून गेली की दोरीला बांधून एक दिवा खाली सोडीत. त्यात चाकूरच्या घाण्याचे तेल असे, पार्वतम्मा दरसाल आठवणीने एक तांब्याभर धाडीत. दिवा विझला नाही की धोतराचा काचा मारून, कमरेला दोर बांधून, पन्नाशीकडे झुकलेले रेणुकादास मुनीम पेवात उतरत. लेखणी आणि चोपडी वर, पेवाच्या तोंडाशी, महादेवप्पांच्या मांडीवर. मालकाने लिहायचे आणि मुनिमाने सांगायचे, अशी ती पेढी वर्षातून एक दिवस उलटी होई.

"अप्पा! वरचे चाळीस बाविसाने लिहा!" खालून घुमत आवाज येई.

"लिहिले."

"बाजूचे दहा पल्ले, बाराने!"

"बारा? बाविसाला घेतलेत की मुनीमजी! काय बोलून राहिलात?"

"इथं खाली या, वास घ्या, आणि मग बोला!"

महादेवप्पा काठावरून वाकून आत पाहत, मग सभोवार जमलेल्या मंडळींकडे पाहत, आणि जड हाताने बारा लिहीत.

"लिहिले. मुनीमजी, मग औंदाचा नफा किती म्हनायचा?"

दिव्याच्या उजेडात चष्मा उतरल्याचे वरून स्पष्ट दिसे.

"अहो, आधी मला वर काढा!"